वनस्पतीजन्य म्हणजे निर्दोष का?

शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारपेठेतील एखाद्या जुन्या किराणा आणि काष्ठौषधींच्या दुकानात आज दोन वस्तू शेजारी शेजारी नांदताना दिसतात. फळीवर बॉडी वॉशची चकचकीत बाटली असते. तिच्यावर शिकेकाईची शेंग, कोरफडीचे पान आणि ठळक अक्षरांत ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द छापलेला असतो. खाली, उंबऱ्यालगत गोणपाटात खरी शिकेकाई असते. तपकिरी, सुरकुतलेली, हात लावताच शिंक आणणारी. बाटलीकडे ग्राहकाची नजर जाते, गोणीकडे क्वचितच.

या दोहोंमध्ये नाते आहे का, आणि असल्यास किती, हा प्रश्न आपल्या कुटुंबांनी तरी विचारायला हवा. आपण ही बाटली घरात वापरतो आणि आपल्यापैकी अनेकजण ती विकतातही. ग्राहक ‘वनस्पतीजन्य’ या शब्दावर विश्वास ठेवतो तेव्हा तो काही अंशी ती हातात देणाऱ्या दुकानदारावरही विश्वास ठेवत असतो. आपल्या समाजात तर हा शब्द वाचताच मन निश्चिंत होते: प्राणिज काही नाही, मग दोषही नाही. ही निश्चिंती थोडी घाईची आहे. वनस्पतीजन्य असणे ही चांगली सुरुवात आहे, पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. वस्तूत नेमके काय आहे, ते कोणाच्या हातून आले आणि अंघोळीनंतर ते कोठे जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच तो पुरा होतो. सुदैवाने शहापूर-मुरबाडच्या परिसरात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे डोळ्यांसमोर आहेत, कारण येथे जंगल आहे, ते जंगल ओळखणारी माणसे आहेत आणि अर्ध्या मुंबईला पुरणारे पाणीही आहे.

फेस कोठून येतो?

शरीरावरील मळ म्हणजे मुख्यतः त्वचेचे तेल आणि त्यात अडकलेली धूळ. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. त्यासाठी असा पदार्थ लागतो, ज्याच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. रसायनशास्त्रात त्याला सर्फॅक्टंट म्हणतात; आपण त्याला फेसकारक द्रव्य म्हणू.

निसर्गाने असे द्रव्य तयार करून ठेवले आहे. शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचा घटक असतो. त्या पाण्यात भिजवून चोळल्या की फेस येतो तो त्यामुळेच. सराफी करणाऱ्या घरांना रिठ्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. सोन्याचांदीचे दागिने आणि रेशमी वस्त्रे त्याच्याच पाण्याने उजळण्याची रीत जुनी आहे. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि निरोगी त्वचाही तशीच असते. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू मात्र साधारण ९ ते १० असतो, म्हणून साबणाने अंगाला ओढ बसते आणि शिकेकाईने ती तितकी बसत नाही.

मग कारखानदार बाटलीत शिकेकाईचा काढाच का भरत नाहीत? कारण काढा टिकत नाही. उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच त्याला वास येऊ लागतो. त्याला फेस कमी, रंग गडद आणि वास उग्र. वर्षभर फळीवर राहणारी, पारदर्शक, सुगंधी आणि भरपूर फेसाची वस्तू हवी असेल तर दुसरा मार्ग धरावा लागतो. तो मार्ग खोबरेल तेलातून आणि पाम वृक्षाच्या बियांच्या तेलातून जातो. या दोन्ही तेलांत लॉरिक आम्ल भरपूर असते आणि जगातील बहुतेक फेसकारक द्रव्यांचा पाया तेच आहे.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. ‘नारळापासून बनविलेले’ असे बाटलीवर लिहिलेले सोडियम लॉरेथ सल्फेट अर्धेच नारळाचे असते. तेलापासून काढलेल्या अल्कोहोलवर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करतात, आणि ते खनिज तेलातून येते. कोकामिडोप्रोपिल बीटेन या सौम्य मानल्या जाणाऱ्या द्रव्याच्या नावात ‘कोको’ आहे, पण त्याचाही काही भाग प्रयोगशाळेतलाच. डेसिल ग्लुकोसाइड किंवा कोको ग्लुकोसाइड मात्र तेलापासूनचे अल्कोहोल आणि मक्यासारख्या पिष्टापासूनची साखर यांच्या संयोगाने बनते. त्याची दोन्ही अंगे वनस्पतीची असतात. त्यामुळे वनस्पतीजन्य फेस हवा असणाऱ्याने यादीत ‘ग्लुकोसाइड’ हा शब्द शोधावा. तो महाग पडतो. म्हणूनच स्वस्त बाटलीत तो क्वचित सापडतो.

यादी वाचण्याची कला

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे. ती अक्षरे इतकी बारीक असतात की वाचण्याचा कंटाळा येतो, पण तिच्यात एक शिस्त आहे. सर्वांत अधिक असलेला घटक प्रथम, मग उतरत्या क्रमाने पुढचे. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. बॉडी वॉशच्या यादीत पहिले नाव जवळजवळ नेहमी पाण्याचे असते.

या शिस्तीचा उपयोग असा. बहुतेक बाटल्यांत फेनॉक्सिइथेनॉल नावाचे परिरक्षक असते आणि त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे यादीत त्याच्यानंतर ज्यांची नावे येतात, ते सारे घटक १ टक्क्याच्या आतले. बाटलीच्या दर्शनी भागावर शिकेकाई, मंजिष्ठा, चंदन यांची चित्रे असतील आणि त्यांची नावे फेनॉक्सिइथेनॉलच्या मागे असतील, तर ३०० मिलिलिटरच्या बाटलीत त्यांतील प्रत्येकाचा अर्क फार तर चमचाभर असतो. ही फसवणूक नव्हे, कारण यादीत खरेच लिहिले आहे. परंतु चित्र मोठे आणि मात्रा लहान, हे ग्राहकाला सांगायला दुकानदाराची जीभ अडखळू नये.

परिरक्षक म्हटले की नाक मुरडण्याची पद्धत पडली आहे. तीही योग्य नाही. ज्या वस्तूत मुख्यतः पाणीच आहे, तिच्यात परिरक्षक नसेल तर बुरशी आणि सूक्ष्म जीव वाढणार, हे निश्चित. जीवोत्पत्तीचा विचार करणाऱ्या घराला ‘परिरक्षकविरहित’ ओली बाटली ही अधिक चिंतेची गोष्ट वाटायला हवी.

आता प्राणिज घटकांकडे वळू. काही शब्द पाठच करून ठेवावेत. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेण. केराटिन शिंगे, खूर, पिसे यांतून मिळते. कोलॅजेन मासे किंवा गुरे यांच्या कातडी-हाडांतून. ‘हायड्रोलाइज्ड सिल्क’ म्हणजे रेशमाचे प्रथिन, आणि नेहमीच्या रेशमासाठी कोश उकळताना आतला जीव मरतो, हे आपल्याला ठाऊक आहे. कारमाइन हा लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यापासून बनतो; यादीत तो सी.आय. ७५४७० या क्रमांकाआडही लपलेला असतो. ग्वानिन ही मोत्यासारखी झाक माशांच्या खवल्यांतून काढता येते. मध तर आपल्या घरांत वर्ज्यच, पण ‘नैसर्गिक’ बॉडी वॉशमध्ये तो सर्रास असतो आणि दर्शनी भागावर अभिमानाने मिरवतो.

यांहून अवघड असतात ती दुहेरी नावे. ग्लिसरिन, स्टिअरिक आम्ल, ग्लायकॉल डायस्टिअरेट हे घटक वनस्पतीच्या तेलातून येतात तसे प्राण्यांच्या चरबीतूनही येऊ शकतात. नावावरून उगम कळत नाही. तेथे कंपनीला लेखी विचारणे हाच उपाय. घरगुती ग्राहकाच्या पत्राला उत्तर येईलच असे नाही. परंतु दरमहा पेट्या उचलणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याने विचारले तर उत्तर येते. हे सामर्थ्य आपल्या हातात आहे आणि आपण ते फारसे वापरत नाही.

ठिपक्याची कहाणी

खाद्यपदार्थांवरील हिरवा आणि तपकिरी ठिपका सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. साबण-शाम्पूवर तो का नसतो, हा प्रश्न अनेक श्राविका विचारतात. त्यामागे मोठा वाद आहे. सौंदर्यप्रसाधनांत प्राणिज अंश आहे की नाही हे जाणण्याचा ग्राहकाला हक्क आहे, असा कौल दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. २०१४ मध्ये केंद्राने वेष्टनांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून साबण, शाम्पू, टूथपेस्ट इत्यादींवर असा ठिपका आणला, परंतु उद्योगाच्या विरोधामुळे तो अन्नपदार्थांसारखा सार्वत्रिक झाला नाही. परिणाम असा की, आज बॉडी वॉशवर हिरवा ठिपका असेल तर तो उपयोगाचा आहे. नसेल तर त्यावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही.

एका बाबतीत मात्र समाधान मानावे. प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारताने २०१४ च्या मे महिन्यात बंदी घातली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये अशी चाचणी केलेल्या परदेशी प्रसाधनांच्या आयातीवरही. तेव्हा ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ हे वाक्य देशी बाटलीवर वाचून विशेष भारावून जाण्याचे कारण नाही. ते कायद्याचे पालन आहे.

चरबीविरहित साबणाचा आग्रह ही आजची टूम नव्हे, हेही आठवावे. मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास ‘चावी’ नावाचा साबण प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलांपासून बनविला. स्वदेशीच्या त्या काळात हिंदू, जैन आणि मुसलमान अशा सर्वांनाच निःशंकपणे वापरता येईल असा साबण म्हणून त्याचे स्वागत झाले. पुढे १९८३ मध्ये वनस्पती तुपात गुरांच्या चरबीची भेसळ उघडकीस आली. देशभर क्षोभ उसळला आणि आयात चरबीवर सरकारने बंधने घातली. ज्या पिढीने ते वर्ष पाहिले, तिला वेष्टनावरील शब्द आणि आतील वस्तू यांत किती अंतर पडू शकते हे पुन्हा सांगण्याची गरज नाही.

डोंगरातून दुकानापर्यंत

येथवर आपण बाटलीत काय आहे ते पाहिले. आता ते कोणाच्या हातून आले ते पाहू.

शहापूर तालुका आपल्यापैकी अनेकांना मानस मंदिर तीर्थामुळे परिचित आहे. आसनगावहून दर्शनाला जाताना समोर माहुलीचे सुळके दिसतात. तो डोंगर, तानसाचे अभयारण्य आणि मुरबाडकडून माळशेज घाटापर्यंत चढत गेलेली रांग, हा सारा हिरडा, बेहडा, करंज, मोह, गुळवेल आणि शिकेकाईचा मुलूख. तेथे राहतात कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आणि वारली. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो.

कातकऱ्यांचे नावच वनोपजाशी जोडलेले आहे. खैराचे लाकूड उकळून कात काढणारे ते कातकरी किंवा काथोडी. खैरतोडीवर निर्बंध आले, तो व्यवसाय गेला आणि जमीन बहुतेकांकडे नव्हतीच. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिम समूह म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी ही एक आहे. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. पावसाळ्यात भातशेतीवर मजुरी मिळते. दिवाळी सरली की बऱ्याच कुटुंबांना वीटभट्टीचा रस्ता धरावा लागतो. तत्पूर्वी भट्टीमालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा, बायको आणि मुले उन्हाळा संपेपर्यंत राबतात. मुलांची शाळा तेथेच तुटते.

नेमक्या याच काळात, हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून, शिकेकाईच्या शेंगा वेलीवर पक्व होऊन वाळू लागतात. काट्यांची ती वेल उंच झाडांवर चढते आणि शेंगा काढणे हे कौशल्याचे व रक्त काढणारे काम आहे. ते ज्याला येते तो माणूस भट्टीवर असतो. शिकेकाईला बरा भाव मिळाला तर तो जंगलात थांबू शकतो. न मिळाला तर त्याला थांबण्याचे कारण नाही. बाटलीवरील शेंगेच्या चित्रामागे एका घराचे बिऱ्हाड हलणे किंवा न हलणे असे दडलेले असते.

हे केवळ कल्पनेतले अर्थशास्त्र नाही. शहापूर येथील आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेशी जोडलेल्या कातकरी तरुणांनी गुळवेलीच्या बाबतीत ते करून दाखविले. थोडी गुळवेल गोळा करून बाजारात विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे वनधन योजनेखाली केंद्र उभे राहिले. वेल तोडणे, चिरणे, सुकविणे, दळणे ही कामे गावातच होऊ लागली. करोनाच्या काळात गुळवेलीची मागणी वाढली, तेव्हा डाबर, बैद्यनाथ, हिमालया यांसारख्या मोठ्या कंपन्यांकडून त्यांना सुमारे दीड कोटी रुपयांच्या मागण्या मिळाल्या आणि केंद्र सरकारच्या प्रसिद्धी विभागाने त्याची जाहीर दखल घेतली. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत साधारण २० जणांचा एक असे १५ बचत गट मिळून ३०० संग्राहकांचे एक केंद्र बनते. त्यामागचा विचार साधा आहे: कच्चा माल विकण्यापेक्षा सुकवून, निवडून, दळून विकला तर दोन पैसे अधिक मिळतात, आणि ते ज्याने माल आणला त्याच्याच घरी राहतात.

गुळवेल अंघोळीच्या बाटलीत फारशी जात नाही, ती औषधाची वनस्पती आहे. परंतु शिकेकाई, रिठा आणि करंजाच्या बिया याच हातांतून येतात आणि त्यांचा मार्ग वेगळा असण्याचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी संग्राहकाला दिली आहे. २०१३-१४ पासून काही वनोपजांना किमान आधारभूत किंमत आहे. पुढे त्या यादीत गुळवेल, शिकेकाई आणि रिठा यांचाही समावेश झाला.

येथे आपल्या व्यापारी कुटुंबांचा प्रश्न येतो. जंगलाच्या मालाचा व्यापार तालुक्याच्या पेठांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. व्यापारी म्हणजे शोषकच, असे एकतर्फी चित्र रंगविणे अन्यायाचे होईल. आषाढात घरात दाणा नसताना उधारीवर तांदूळ आणि मीठ देणारा दुकानदारच असतो. पण हेही तितकेच खरे, की ओल्या मालाला सुकल्यावर घट किती, पुण्या-मुंबईत आजचा भाव काय, काटा किती अचूक, हे व्यवहारातील दोघांपैकी एकालाच ठाऊक असते. मापात पाप नको, हे आपण मुलांना शिकवतो. मग माल समोर तोलावा, घट किती धरली ते सांगावे, लेखी पावती द्यावी, उधारी आणि मालाची किंमत यांचे खाते वेगळे ठेवावे. शक्य तेथे एकट्यादुकट्याशी उक्ता सौदा करण्याऐवजी बचत गटाशी किंवा ग्रामसभेशी हंगामाआधी भाव ठरवून घ्यावा. यात व्यापाऱ्याचाही लाभ आहे. ज्याला भावाची खात्री असते तो कोवळ्या शेंगा ओरबाडत नाही, माल वाळवून आणि निवडून आणतो, माती-काड्या मिसळत नाही.

बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले. त्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे आणि लाक्षावाणिज्यही आहे, म्हणजे लाखेचा व्यापार. लाख किड्यांपासून मिळते हे त्या काळी ओळखले गेले होते, आणि आज तीच ‘शेलॅक’ या नावाने प्रसाधनांत वावरते. आपण काय वापरतो याइतकेच आपण काय विकतो यालाही महत्त्व आहे, हा विचार आपल्या परंपरेत नऊशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला आहे. वनस्पतीतही जीव आहे, हे तर आपण सारेच मानतो. म्हणून वनस्पती कशी तोडली याला अर्थ आहे. पक्व होऊन वाळलेली शेंग काढणे, मुळाला धक्का न लावता गुळवेलीची फांदी छाटणे आणि उटण्यातील वाळा-नागरमोथ्यासाठी मूळच उपटणे, या तिन्हींत अंतर आहे. पहिल्या दोन प्रकारांत वेल पुढच्या वर्षी पुन्हा फळते, फुटते. तिसऱ्यात रोप संपते.

पाणी कोठे जाते?

तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. मुंबईला पाणी पुरविणारे सात जलाशय आहेत. त्यांपैकी १८९२ साली पूर्ण झालेला तानसा आणि सर्वांत मोठा भातसा हे दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईच्या साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. तेथील पाणी पिसे येथे उपसले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि आपल्या न्हाणीघरातील नळाला येते. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर मार्च उलटला की टँकरची वाट पाहावी लागते आणि बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढतात. अधिक फेस म्हणजे तो धुवायला अधिक पाणी. शॉवरखाली उभे राहून बॉडी वॉशचा फेस उतरविताना जे पाणी वाहते, त्याचा उगम कोणत्या गावाच्या शिवारात आहे, हे जाणून घ्यावे.

आणि वाहून गेलेल्या पाण्याचे काय? येथे ‘वनस्पतीजन्य म्हणजे निर्दोष’ ही समजूत सर्वांत उघडपणे खोटी ठरते. सॅपोनिन माशांना घातक असते. मत्स्यतळ्यात नको असलेले मासे मारण्यासाठी मोहाची पेंड टाकतात. त्या पेंडीतील जहाल घटक हे सॅपोनिनच. म्हणजे शंभर टक्के वनस्पतीजन्य, विघटनशील, पारंपरिक वस्तू आणि तरीही पाण्यातील जीवांचा घात करणारी. शिकेकाई-रिठ्याचे पाणी जमिनीत मुरले की लवकर विघटित होते, मोठ्या प्रवाहात विरळही होते. पण ओढ्याच्या डोहात किंवा लहान तळ्यात ओतले तर ते निरुपद्रवी नाही. रासायनिक फेसकारक द्रव्यांचेही तेच, किंबहुना अधिक. काळू आणि भातसा या नद्या पुढे उल्हासला मिळतात, आणि उल्हासवर तरंगणारा फेस कल्याणकरांनी पाहिलेला आहे.

साधू-साध्वींसाठी पाच समित्यांपैकी एक समिती केवळ त्याज्य वस्तू कोठे आणि कशी टाकावी यासाठीच आहे. निर्जीव, कोरडी जागा पाहून, जपून परठवणे. त्यांना तर स्नानाचाच त्याग असतो. गृहस्थाला तेवढे शक्य नाही. पण ज्यांच्या घरांत पाणी गाळून आणि मोजून वापरण्याचा संस्कार आहे, त्यांनी पाणी टाकतानाही तोच विवेक ठेवावा. गावाकडील घरांत अंघोळीचे पाणी केळीच्या किंवा अळूच्या आळ्यात सोडण्याची पद्धत होती. ती जेथे शक्य आहे तेथे टिकवावी. ओढ्यावर, विहिरीच्या काठी किंवा जलाशयाजवळ साबण, बॉडी वॉश वा शिकेकाई, काहीच वापरू नये.

घरासाठी

बाटली घ्यायची असेल तर लहान यादीची घ्यावी. फेसासाठी ग्लुकोसाइड असलेली, ग्लिसरिनचा उगम वनस्पती असल्याचे स्पष्ट लिहिलेली, सुगंध कमी असलेली. हातावर ओतण्यापेक्षा ओल्या पंच्यावर थोडेसे घेतले तर निम्म्या मात्रेत काम होते.

बाटली नको असेल तर मुगाचे किंवा मसुराचे पीठ रोजच्या अंघोळीला पुरेसे आहे. तेलकट त्वचेला त्यात चिमूटभर शिकेकाई मिसळावी. कोरड्या त्वचेला पिठात थोडी दुधाची साय. रिठा अंगासाठी जपून वापरावा. डोळ्यांत गेला तर फार झोंबतो, लहान मुलांना तो नकोच. शिकेकाईची पूडही नाकात गेल्यास त्रास देते, म्हणून कोरडी न उधळता आधी भिजवावी. कोणतीही नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावी. त्वचेचा विकार असेल तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारावे. नैसर्गिक वस्तूंचीही ॲलर्जी असते.

पावसाळ्यात विशेष दक्षता हवी. पिठाची काळमर्यादा आपल्या घरांत पाळली जाते आणि चातुर्मासात ती सर्वांत कमी असते. अंघोळीच्या पिठालाही तोच नियम लावावा. दमट हवेत डाळीच्या पिठात आणि शिकेकाईच्या पुडीत किडे लवकर होतात. शेंगा अखंड, कडक वाळवून, हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच कुटाव्यात. काढा रोजचा रोज करावा, रात्रभर ठेवू नये.

दुकानदारांसाठी शेवटी एक सूचना. पुढच्या वेळी वनस्पतीजन्य बॉडी वॉशचा विक्रेता नमुने घेऊन आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत: ग्लिसरिन आणि स्टिअरिक आम्ल कोठून आले, शिकेकाईचा अर्क किती टक्के आहे, आणि ती शिकेकाई कोणत्या जंगलातील कोणाकडून घेतली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आज ना उद्या मिळतील. तिसऱ्याचे उत्तर बहुधा त्याच्याकडे नसेल. शहापूर-मुरबाडच्या दुकानदाराकडे मात्र ते असू शकते, कारण शिकेकाईची गोणी घेऊन उन्हातून चालत आलेला माणूस त्याच्याच पायरीवर बसलेला असतो. त्याचे नाव आपल्या वहीत उधारीच्या रकान्याबरोबर मालाच्या मालकाच्या रकान्यातही लिहिले गेले पाहिजे.